आजच्या बॉक्सरला सर्वकालीन यादीत कुठे बसवायचं? वादाला बसण्याआधी करायचं काम

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. लास व्हेगासला शनिवारची रात्र होती, आमच्या दादरच्या घरात नाश्त्याची वेळ. टेरेन्स क्रॉफर्डने कानेलो अल्वारेझला गुणांवर हरवलं आणि पोह्यांच्या बशा उचलायच्या आत घरात दोन तट पडले. एक म्हणाला, क्रॉफर्ड आता जुन्या जमान्यातल्या महान शुगर रे रॉबिन्सनच्या पंगतीला बसला. दुसरा म्हणाला, पहिल्या पन्नासातही त्याला जागा नाही. दीड तास आवाज चढत गेला. दोघांपैकी एकानेही रॉबिन्सनची एक लढत पूर्ण पाहिलेली नव्हती. क्रॉफर्डने कानेलोआधी कुणाकुणाला हरवलं, हेही दोघांना ओळीने सांगता येत नव्हतं.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, परळच्या व्यायामशाळेत, ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात हाच वाद मी अनेक वर्षं ऐकतो आहे आणि चुका त्याच त्याच होतात. माणसं आधी नंबर जाहीर करतात आणि मग त्याला पुरावे शोधतात. क्रम नेमका उलटा हवा. तो कसा, ते इथे टप्प्याटप्प्याने लिहितो. उदाहरणाला शेवटपर्यंत क्रॉफर्डच घेतो, कारण डिसेंबर २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि त्याचा हिशेब आता पूर्ण मांडता येतो.

तयारी

एक वही घ्या. मोबाइलमध्ये टिपून भागत नाही, कारण दोन बॉक्सरांची पानं शेजारी शेजारी उघडी ठेवून पाहावी लागतात. ज्याला बसवायचं तो आजचा बॉक्सर आणि त्याच्याच वजनाच्या आसपासचा एक जुना बॉक्सर, अशी दोनच नावं निवडा. क्रॉफर्डसमोर मी शुगर रे लिओनार्ड ठेवतो. दोघेही वेल्टरवेटला, म्हणजे १४७ पाउंडांच्या गटात गाजले आणि दोघांनीही वर चढून आपल्याहून मोठ्या माणसाला हरवलं. शिवाय लढतींची संख्याही जवळपास सारखी: क्रॉफर्डच्या ४२, लिओनार्डच्या ४०. अशी जोडी मिळाली की निम्मं काम सोपं होतं. क्रॉफर्डला थेट १९४० च्या दशकातल्या रॉबिन्सनसमोर उभं केलं, तर पहिल्याच पानावर गोंधळ होतो.

दोघांच्याही तीन-तीन लढती पूर्ण पाहायला वेळ काढा. एक अख्खा रविवार जातो, तो जाऊ द्या.

सावध राहा: लढत संपली त्या दिवशी, त्या आठवड्यात नंबर लिहू नका. निदान महिनाभर थांबा. ताज्या विजयाचा झगमगाट डोळ्यांसमोर असतो तेव्हा आपण तो एकच विजय मोजतो, कारकीर्द मोजत नाही.

टप्पा १: प्रश्न ठरवा

हा टप्पा बहुतेक सगळे वगळतात आणि निम्मे वाद इथेच फुकट जातात. ‘कोण मोठा?’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात.

पहिला: कुणी जास्त मिळवलं? म्हणजे कुणाकुणाला हरवलं, किती काळ वर राहिला, किती अवघड वाटेने गेला.

दुसरा: वजनाचा फरक बाजूला ठेवला तर कुणाच्या हातात जास्त कसब होतं?

तिसरा: दोघं ऐन भरात असताना एकाच रिंगमध्ये उतरले असते तर कोण जिंकलं असतं?

तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. रॉकी मार्सियानो ४९ लढतींत अपराजित राहिला, पण त्याचं वजन साधारण ८४ किलो. ओलेक्सांद्र उसिक हेवीवेटला १०० किलोच्या पुढे उतरतो आणि २०२४ मध्ये त्याने दोनदा हरवलेला टायसन फ्युरी जवळपास १२० किलो आणि त्याहूनही पुढचा. तिसऱ्या प्रश्नाला इथे मार्सियानोच्या बाजूने उत्तर देणं फार कठीण आहे. पण पहिल्या प्रश्नात मार्सियानोला किलोंची शिक्षा का द्यायची? त्याच्या काळात जे समोर होते त्यांना त्याने हरवलं.

सर्वकालीन यादी ही पहिल्या प्रश्नाची यादी, असं मी मानतो. दुसरा प्रश्न बरोबरी सोडवायला वापरतो. तिसरा बोलायला मजेचा आहे, पण क्रमवारीत घेत नाही. तुम्ही वेगळं ठरवा, हरकत नाही. फक्त वहीच्या पहिल्या ओळीवर ते लिहा आणि मधेच बदलू नका.

तपासून पाहा: समोरच्याला विचारा, ‘तू यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोयस?’ दोघांची उत्तरं वेगळी निघाली तर वाद नाहीच, दोन वेगळे विषय आहेत.

टप्पा २: आकडा झाका, नावं लिहा

क्रॉफर्डची नोंद ४२ विजय, ० हार, ३१ नॉकआउट. लिओनार्डची ३६ विजय, ३ हार, १ बरोबरी. एवढंच वाचलं तर निकाल लागल्यासारखा वाटतो. म्हणून हा आकडा हाताने झाका आणि खाली नावं लिहायला घ्या. आपल्या कुस्तीच्या फडात पैलवानाने किती कुस्त्या मारल्या हे नंतर विचारतात, आधी विचारतात जोड कुणाशी लागली होती. इथेही तेच.

प्रत्येकाचे सर्वांत मोठे सहा ते आठ विजय निवडा. प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहा: लढतीची तारीख, वजनगट, समोरच्याचं त्या दिवशीचं वय आणि नोंद, निकाल कसा लागला, आणि समोरच्याने त्यानंतर काय केलं. ही पाचवी गोष्ट सगळे विसरतात. हरल्यावर तो पुन्हा उभा राहिला की तिथेच संपला, यावरून त्या दिवशी तो कितपत शाबूत होता याचा बराच अंदाज येतो.

लिओनार्डचं पान असं दिसतं. नोव्हेंबर १९७९, विल्फ्रेड बेनितेझ, तोवर अपराजित. नोव्हेंबर १९८०, रॉबर्टो दुरान. त्याच वर्षी जूनमध्ये मॉन्ट्रियलला त्याच्याकडून हरला होता, पाच महिन्यांत परतफेड. सप्टेंबर १९८१, थॉमस हर्न्स, ३२ लढतींत ३२ विजय. एप्रिल १९८७, मार्विन हॅग्लर, १९७६ नंतर एकदाही न हरलेला मिडलवेट, म्हणजे १६० पाउंडांच्या गटातला. आणि लिओनार्ड जवळजवळ तीन वर्षं रिंगबाहेर राहून त्याच्यासमोर उभा राहिला. हॅग्लरवरचा निकाल आजही वादाचा आहे, तेही पुढे लिहून ठेवा. पण ही चार नावं पाहा. चौघेही स्वतः सर्वकालीन चर्चेत असतात.

आता क्रॉफर्डचं पान. मार्च २०१४, ग्लासगोमध्ये रिकी बर्न्स, जगज्जेतेपदाचा पहिला पट्टा. त्याच वर्षी युरिओर्किस गांबोआ. २०१६ मध्ये व्हिक्टर पोस्टोल. ऑगस्ट २०१७, ज्युलियस इंडोंगोला तिसऱ्या राउंडमध्ये झोपवून १४० पाउंडांचे, चारही मुख्य संघटनांचे पट्टे. नोव्हेंबर २०२१, शॉन पोर्टर, ज्याला त्याआधी कुणी वेळेआधी संपवू शकलं नव्हतं. जुलै २०२३, एरॉल स्पेन्स, २८ लढतींत अपराजित. तीनदा खाली पाडून नवव्या राउंडमध्ये लढत थांबवली. ऑगस्ट २०२४, इस्राईल मद्रिमोव्ह. सप्टेंबर २०२५, कानेलो.

हे पान उत्तम आहे. स्पेन्सवरचा विजय तर या शतकातल्या सर्वांत देखण्या कामगिरींपैकी एक. पण लिओनार्डच्या पानाशेजारी ठेवल्यावर मधला भाग पातळ दिसतो. २०१८ ते २०२१ हा क्रॉफर्डचा ऐन भराचा काळ आणि त्या काळात शेवटी आलेला पोर्टर सोडला तर वेल्टरवेटची मोठी नावं त्याच्यासमोर आली नाहीत. दोष कुणाचा, प्रवर्तकांचा की टीव्हीच्या करारांचा, हा वेगळा विषय. क्रमवारीत न झालेल्या लढतीचे गुण देता येत नाहीत.

सावध राहा: प्रत्येक मोठ्या नावाची त्या दिवसाची अवस्था तपासा. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने जो लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सने मोहम्मद अलीला हरवलं तेव्हा अली ३८ चा होता आणि त्याच्यात काही उरलं नव्हतं. नावं प्रचंड, विजयाची किंमत थोडी. उलट ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अलीसमोर जॉर्ज फोरमन होता, २५ वर्षांचा, ४० लढतींत अपराजित. तो विजय पूर्ण किमतीचा.

हीच कसोटी क्रॉफर्डला लावा. स्पेन्सचा २०१९ मध्ये गाडीचा भीषण अपघात झाला होता, २०२१ मध्ये डोळ्याची शस्त्रक्रिया. कानेलो ३५ चा होता. पण क्रॉफर्ड स्वतः ३८ ला टेकला होता आणि दोन वजनगट वर चढून आला होता. म्हणून स्पेन्सच्या विजयाची किंमत मी किंचित कमी करतो, कानेलोच्या विजयाची करत नाही.

टप्पा ३: काळाचा हिशेब करा

हा सगळ्यांत मोठा टप्पा. इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं.

मुंबईकराला हे क्रिकेटवरून पटकन समजेल. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात काढलेल्या ४० धावा आणि सपाट खेळपट्टीवरच्या ४० धावा स्कोअरबुकात सारख्याच दिसतात. ज्याने त्या मैदानावर बॅट धरली आहे तो त्यांना सारखं मानत नाही. बॉक्सिंगच्या नोंदींचंही असंच आहे. पुढचे मुद्दे एकेक करून वहीत उतरवा.

पट्ट्यांची संख्या. जुन्या काळी आठ वजनगट होते आणि साधारणपणे प्रत्येकाला एकच जगज्जेता. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट अशा तीन गटांची जगज्जेतेपदं एकाच वेळी हातात ठेवली, म्हणजे बॉक्सिंगमधल्या सगळ्या गाद्यांपैकी जवळजवळ निम्म्या. आज १७ गट आणि चार मुख्य संघटना, म्हणजे ६८ पट्टे. म्हणून ‘पाच गटांत विजेता’ हे शब्द ऐकून चटकन हुरळू नका. प्रत्येक पट्ट्यासाठी समोर कोण होता ते पाहा. मद्रिमोव्हकडून घेतलेला १५४ पाउंडांचा पट्टा आणि कानेलोकडून घेतलेले १६८ पाउंडांचे चारही पट्टे यांना एकच खूण करणं अन्यायाचं.

इथे क्रॉफर्डच्या बाजूचा मुद्दाही प्रामाणिकपणे लिहायला हवा. त्याने १४०, १४७ आणि १६८ अशा तीन गटांत चारही पट्टे एकत्र केले. चार पट्ट्यांच्या काळात असं करणारा तो पहिला पुरुष बॉक्सर. पट्टे विखुरलेले असतानाही गट एकहाती घेतला, तर जुन्या एकमेव जगज्जेत्याच्या सर्वांत जवळची गोष्ट हीच.

वजनाची उडी. क्रॉफर्डने पहिला पट्टा १३५ पाउंडांना घेतला आणि शेवटचे १६८ ला; ३३ पाउंडांचा, म्हणजे सुमारे १५ किलोंचा फरक. रॉबिन्सनची वेल्टर ते मिडल ही उडी १३ पाउंडांची, पण मधे पाय टेकायला १५४ चा गट तेव्हा नव्हताच. शिवाय जुन्या काळी वजन लढतीच्याच दिवशी होत असे. आता आदल्या दिवशी होतं आणि रात्रभरात पाणी भरून माणूस बराच जड होऊन उतरतो. गट तोच असला तरी रिंगमधलं शरीर वेगळं असतं.

राउंड. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर मरण पावला. लढत चौदाव्या राउंडमध्ये थांबली होती. त्यानंतर काही वर्षांत एकेक संघटना १५ वरून १२ राउंडांवर आली. त्या तीन राउंडांनी इतिहास बदललेला आहे. १९८१ मध्ये लिओनार्ड हर्न्सविरुद्ध तिन्ही जजांच्या कार्डांवर मागे होता आणि चौदाव्या राउंडमध्ये त्याने लढत थांबवायला लावली. आजच्या नियमांत तो हरला असता. उलट, आजच्या बॉक्सरला तेरावा राउंड खेळायलाच मिळत नाही. म्हणून ‘क्रॉफर्ड पंधरा राउंड टिकला असता का’ हा प्रश्न त्याच्याविरुद्ध गुण म्हणून वापरू नका.

लढतींची घनता. जुन्या काळातल्या विली पेपचे २२९ विजय, हॅरी ग्रेबच्या सुमारे ३०० लढती. आजचा अव्वल बॉक्सर वर्षातून एकदा, फार तर दोनदा उतरतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये रॉबिन्सन जेक लामोटाकडून हरला आणि तीन आठवड्यांत त्यालाच परत हरवलं. आज त्या दोघांमध्ये नुसती वाटाघाटच वर्षभर चालली असती. याचे दोन्ही अर्थ लिहा. जुन्यांना अनुभव अफाट आणि वारंवार पारख. आजच्याला प्रत्येक लढतीला पूर्ण तयारीचा, दुखापतीतून सावरलेला प्रतिस्पर्धी.

कोणाला दार बंद होतं. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. सॅम लँगफर्डला हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढायला कधीच मिळालं नाही. चार्ली बर्लीला कुठल्याच गटात मिळालं नाही. दोघेही कृष्णवर्णीय आणि दोघेही इतके धोकादायक की जगज्जेते त्यांच्या वाटेला जात नसत. अशा माणसांच्या पानावर ‘जगज्जेतेपद: नाही’ असं लिहून पुढे गेलात तर त्यांच्यावर झालेला अन्याय तुम्ही दुसऱ्यांदा करता. त्यांच्याबाबतीत पट्ट्याचा रकाना रिकामा ठेवा आणि फक्त कुणाला हरवलं ते पाहा.

आजच्याच्या बाजूने. प्रतिस्पर्ध्यांचा साठा आता खऱ्या अर्थाने जगाचा आहे. युक्रेन, उझबेकिस्तान, कझाकस्तान इथले व्यावसायिक बॉक्सर १९५० च्या यादीत शोधून सापडणार नाहीत. आहार, दुखापतींवरचे उपचार, समोरच्याच्या सगळ्या लढती घरबसल्या पाहण्याची सोय, हे सगळं आज दोन्ही कोपऱ्यांना मिळतं. त्यामुळे जुनं ते सोनं, असं म्हणून हा टप्पा संपवू नका.

तपासून पाहा: केलेल्या दुरुस्त्या एकाच्याच बाजूने झुकल्यात का? सगळे बाण एकाच दिशेला असतील तर तुम्ही निकाल आधी ठरवला होता. पान फाडा, पुन्हा लिहा.

टप्पा ४: हार वाचा

शून्याने माणूस फसतो. मीही फसलो होतो. फ्लॉइड मेवेदरच्या ५०-० वर भाळून मी त्याला सरळ पहिल्या पाचात घातलं होतं. व्यायामशाळेत येणारे एक वयस्कर गृहस्थ, तरुणपणी स्वतः रिंगमध्ये उतरलेले, शांतपणे म्हणाले, “बाळा, जो हरलाच नाही त्याची परीक्षा पूर्ण झाली का, ते आधी बघ.” त्या रात्री मी मेवेदर आणि पॅकियाओची लढत पुन्हा पाहिली आणि तारखेवर अडकलो: २ मे २०१५. मेवेदर ३८ चा, पॅकियाओ ३६ चा, आणि अडीच वर्षांपूर्वीच हुआन मॅन्युएल मार्केझने त्याला सहाव्या राउंडमध्ये गार केलेलं. मेवेदर आजही माझ्या यादीत बराच वर आहे. पण ते हरवलेल्या नावांमुळे, शून्यामुळे नाही.

प्रत्येक हार तीन प्रश्नांतून काढा. ऐन भरात झाली का? कुणाकडून? परतफेड केली का?

रॉबिन्सन जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनकडून हरला आणि सप्टेंबरमध्ये त्याला थांबवून जगज्जेतेपद परत घेतलं. ही हार त्याला खाली आणत नाही, उलट त्याच्याबद्दल जास्त सांगते. जून १९५२ मध्ये तो आपल्याहून वरच्या गटातल्या, लाइट-हेवीवेट जोई मॅक्सिमविरुद्ध उतरला. न्यूयॉर्कमध्ये इतका उकाडा होता की रेफ्रीसुद्धा मधेच बदलावा लागला. गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन तेराव्या राउंडनंतर स्टुलावरून उठू शकला नाही. नोंदीत ही हारच. पण ती नुसती ‘हार’ म्हणून मोजणाऱ्याने मे महिन्यात दुपारी बंद पंख्याच्या व्यायामशाळेत तीन राउंड तरी मारून पाहावेत. लिओनार्डच्या तीन हारींपैकी १९९१ आणि १९९७ च्या दोन उतारवयातल्या. भरातली एकच, दुरानकडून, आणि तिची परतफेड झालेली.

क्रॉफर्डच्या बाबतीत हा टप्पा रिकामा राहतो. रिकामा म्हणजे वाईट नव्हे. फक्त इथे त्याला जादा गुण देऊ नका आणि कापूही नका.

सावध राहा: बरोबरी आणि वादग्रस्त निकाल नोंदीवरून घेऊ नका. सप्टेंबर १९९३ ची पर्नेल व्हिटेकर आणि हुलिओ सेझार चावेझ यांची लढत कागदावर बरोबरीत सुटली. ती पूर्ण पाहा, स्वतः गुण द्या, मग ठरवा व्हिटेकरच्या पानावर काय लिहायचं.

टप्पा ५: लढत पाहा, पण अशी

निवडक ठोशांच्या जोडलेल्या फिती बंद करा. त्यात प्रत्येक बॉक्सर अजिंक्य दिसतो. पूर्ण लढत लावा आणि आवाज बंद करा, कारण समालोचक आणि प्रेक्षक मिळून तुमच्या नकळत गुण देतात.

एक राउंड तीनदा पाहा. पहिल्यांदा फक्त पाय. दुसऱ्यांदा फक्त पुढचा हात: जॅब, म्हणजे त्या हाताचा सरळ ठोसा, कुणाचा आधी पोचतो, कुणाचा अडवला जातो. तिसऱ्यांदा हरणाऱ्याकडे पाहा. हे तिसरं पाहणं सर्वांत शिकवणारं. समोरचा काय करायला गेला आणि ते का जमलं नाही, यातूनच जिंकणाऱ्याचं कसब दिसतं. क्रॉफर्ड आणि स्पेन्सच्या लढतीत पहिला राउंड असाच पाहा. क्रॉफर्ड साउथपॉ, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवून उभा राहून जवळजवळ नुसता वाचतो आहे. दुसऱ्यापासून स्पेन्सचा जॅब बाहेर पडला की परतीच्या वाटेवर क्रॉफर्डचा ठोसा हजर. कानेलोविरुद्ध तेच डोकं, पण पायांवर जास्त भर. मारायचं आणि जागा सोडायची. दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे कसबात, क्रॉफर्डला मी फार वर का ठेवतो ते इथे कळतं.

जुन्या फिल्मबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मूकपटाच्या काळातल्या लढती चुकीच्या वेगाने चालवलेल्या असतात. माणसं तुरुतुरु धावताना दिसतात म्हणून त्यांना कच्चं समजू नका. आणि काहींची फिल्मच नाही. १९२० च्या दशकातला हेवीवेट जगज्जेता जीन टनी, त्याला हरवणारा एकमेव माणूस ग्रेब, पण त्याच्या एकाही लढतीचं चित्रण आज पाहायला मिळत नाही. रॉबिन्सनच्या वेल्टरवेटच्या ऐन दिवसांचंही फार थोडं मिळतं. आपण पाहतो तो बहुतेक तिशीतला मिडलवेट रॉबिन्सन. जिथे फिल्म नाही तिथे नावांवर भिस्त ठेवा.

टप्पा ६: आधी थर आखा, मग जागा

थेट ‘सतरावा’ असं लिहू नका. आधी मोठे थर आखा: पहिले दहा, अकरा ते पंचवीस, सव्वीस ते पन्नास, पुढचे. मग खालून वर चढा. ज्याच्यापेक्षा तुमचा बॉक्सर नक्की मोठा आहे अशा नावापासून सुरू करा आणि एकेक पायरी वर जा. पहिल्यांदा जिथे पेन अडखळेल तिथे थांबा. वरून खाली उतरत आलात तर हटकून जास्त वरची जागा देता, कारण मोठ्या नावाशेजारी ठेवल्याबरोबर आपला माणूसही मोठा वाटू लागतो.

क्रॉफर्डचं माझं चढणं असं झालं. ऑस्कर दे ला होयापेक्षा वर? हो. दे ला होयाकडे नावं जास्त, पण त्यातल्या सर्वांत मोठ्या लढती त्याने गमावल्या. व्हिटेकरपेक्षा वर? इथे पेन थांबलं. कसबात दोघं जवळ, पण व्हिटेकर वारंवार अव्वल माणसांसमोर उतरला. नुसतं ताडून पाहायला, लिओनार्डपेक्षा वर? नाही, दुसऱ्या टप्प्यातली ती चार नावं पुन्हा वाचली आणि प्रश्न मिटला. त्यामुळे माझ्या वहीत क्रॉफर्ड सव्वीस ते पन्नास या थराच्या वरच्या टोकाला आहे. रॉबिन्सनच्या पंगतीत नाही, आणि पन्नासाबाहेर तर मुळीच नाही.

ऑलिम्पिकची पदकं या पानात मिसळू नका. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनची १९७२, १९७६ आणि १९८० ची तीन सुवर्णपदकं अपूर्व आहेत, पण तो व्यावसायिक झालाच नाही. त्याची यादी वेगळी. उसिकचं २०१२ चं सुवर्ण त्याच्या पानावर समासात लिहा, बेरजेत नको.

टप्पा ७: आता वादाला बसा

सुरुवात नंबराने करू नका, प्रश्नाने करा. लोकलमध्ये झालेलं एक बोलणं देतो, म्हणजे ढंग कळेल. आमच्या डब्यातले एक काका अलीचे निस्सीम भक्त.

“उसिकचं काय सांगतोस? अलीसमोर पाच मिनिटं टिकला नसता.”

“काका, कोण जिंकलं असतं ते बाजूला ठेवू. कुणी जास्त मिळवलं, यावर बोलायचं का?”

“बोल.”

“अलीची तीन नावं तुम्ही सांगा, उसिकची मी सांगतो.”

“लिस्टन, फ्रेझर, फोरमन.”

“फ्युरी, जोशुआ आणि हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटातला गॅसिएव्ह. तुमची तीन जड आहेत, मान्य. आता एक गोष्ट बघा, उसिकचे मोठे विजय बहुतेक समोरच्याच्या अंगणात किंवा परक्या शहरात झालेत. गॅसिएव्हला मॉस्कोत, जोशुआला लंडनमध्ये.”

काका थोडं थांबले. “हे माझ्या ध्यानात नव्हतं,” म्हणाले. अली त्यांच्या यादीत जिथल्या तिथे राहिला, माझ्याही. पण कुर्ल्यापासून दादरपर्यंत दोघांनी एकमेकांचं ऐकलं.

तीन नावं मागणं हे सर्वांत उपयोगी साधन आहे. ज्याला तीन नावं देता येत नाहीत त्याच्याशी पुढे बोलून वेळ घालवू नका. नम्रपणे सांगा, ‘लढती पाहून ये, मग बसू.’ समोरच्याचा जो मुद्दा खरा असेल तो लगेच आणि मोठ्याने मान्य करा. आणि बसण्याआधी स्वतःपुरतं लिहून ठेवा, काय समोर आलं तर माझं मत बदलेल? मला कुणी दाखवून दिलं की २०१८ ते २०२१ मधला क्रॉफर्डचा एखादा प्रतिस्पर्धी मी समजतो त्यापेक्षा बराच मोठा होता, तर त्याची जागा दोन-चार पायऱ्या वर सरकेल.

सगळ्यांत शेवटी पानावर तारीख घाला आणि वर्षभराने ते पुन्हा उघडा. हरलेल्यांनी पुढे काय केलं तो रकाना तोवर बदललेला असतो. माझ्या वहीत कानेलोच्या नावापुढे तो अजून कोरा आहे.